मशीनवरचे १२ तास आणि उरलेले १५६

"डायलिसिस लागलं म्हणजे आता किती वर्षं गं?" हा प्रश्न मला सारखा कुणी ना कुणी विचारतं. माझ्या अण्णांचं डायलिसिस बरीच वर्षं चालू आहे हे नात्यात आणि कॉलनीत सगळ्यांना माहितीये, त्यामुळे कुणाच्या घरी क्रिएटिनीन (किडनी नीट काम करतेय का ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलं की फोन माझ्याकडे येतो. विचारणारा माणूस बहुतेक वेळा बाहेर गॅलरीत येऊन हळू आवाजात बोलत असतो, पेशंटच्या कानावर जाऊ नये म्हणून. आणि त्याला एक आकडा हवा असतो. तो आकडा मीच काय, डॉक्टरही देऊ शकत नाहीत, कारण आमच्याच सेंटरला दहा-दहा वर्षं डायलिसिसवर असलेली आणि स्वतः स्कूटर चालवत येणारी माणसं आहेत आणि पहिल्या तीन-चार महिन्यांतच गेलेलीही आहेत. मशीन तेच, सिस्टर त्याच, पाणी तेच. मग फरक कशानं पडतो, हे मी इतकी वर्षं बघतेय, नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारतेय, जमेल तसं वाचतेय, ते एकदाचं लिहून काढावं म्हटलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे डोस वगैरे इथे शोधू नका.

काही गोष्टी आपल्या हातात नसतात त्या आधी सांगून टाकते. वय. डायबेटिस. हृदय आधीच किती थकलंय. डायलिसिसच्या पेशंटला सगळ्यात जास्त धोका किडनीचा नसतो, हृदयाचा असतो, आणि त्याच्या खालोखाल इन्फेक्शनचा. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. १९६० साली अमेरिकेत सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची टेफ्लॉनची नळी बसवायची युक्ती काढली आणि त्यामुळे किडनी कायमच्या गेलेल्या माणसाला वर्षानुवर्षं डायलिसिस देणं शक्य झालं. त्यांचे पहिले पेशंट क्लाइड शील्ड्स ११ वर्षं जगले, त्या काळातल्या मशीनवर, आणि गेले ते हार्ट अटॅकनं. म्हणजे तेव्हापासून गोष्ट तीच आहे, रक्त साफ होतं पण हृदय सांभाळावं लागतं.

आता हातातल्या गोष्टी. इथे मी सगळ्यात आधी फिश्चुलाचं, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातात आधीच तयार करून ठेवलेल्या शिरेचं, नाव घेईन.

आपल्याकडे बहुतेकांचं डायलिसिस कसं सुरू होतं? रात्री धाप लागते, अंगावर सूज, रुग्णवाहिका, आयसीयू, मानेत कॅथेटर, म्हणजे नळी टाकून लगेच मशीनवर. म्हणजे किडनीच्या डॉक्टरची पहिली भेट आणि पहिलं डायलिसिस एकाच दिवशी. वर्ष-दोन वर्षं आधी क्रिएटिनीन वाढलेलं असतं पण "लघवी होतेय ना व्यवस्थित, मग काय" असं म्हणून कुठलं तरी काढे-चूर्ण चालू असतं. अशा घाईत सुरू झालेल्या पेशंटचे पहिले तीन-चार महिने सगळ्यात अवघड जातात, जगभर हेच दिसतं. मानेतलं कॅथेटर म्हणजे रक्तात थेट उघडणारं दार, त्यातून जंतू गेला की थंडी वाजून ताप येतो, डायलिसिस चालू असताना अंग हुडहुडतं, आणि तो ताप घरी पॅरासिटामॉल देऊन काढायचा नसतो, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं असतं. फिश्चुला म्हणजे हातातली शीर आणि धमनी ऑपरेशन करून जोडतात, छोटं ऑपरेशन असतं, पण ती शीर फुगून सुया टोचण्याइतकी तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, कधी जास्तही. म्हणून आधी करून ठेवायचा असतो. डॉक्टर "करून ठेवू" म्हणाले की घरच्यांना वाटतं डॉक्टर डायलिसिसची घाई करतायत, पैशासाठी. मी तर म्हणते ज्या डॉक्टरनं वेळेआधी फिश्चुलाचं सांगितलं तो तुमचा हितचिंतक समजा.

अण्णांचा डावा हात आमच्या घरात सगळ्यांनी सांभाळलाय. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढायचं नाही, सलाईन नाही, घड्याळ नाही, पिशवी अडकवायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. सकाळी उठलं की अण्णा उजव्या हाताची बोटं तिथे ठेवतात, शिरेत थरथर लागते, कान लावला तर घूं-घूं आवाज येतो. ती थरथर बंद झाली तर फिश्चुलात गुठळी झालीये असं समजायचं आणि लगेच फोन करायचा, काही तासांत गेलं तर कधीकधी वाचवता येतो. एकदा दुसऱ्या कारणासाठी ॲडमिट असताना एका नवीन पोरानं त्याच हाताला पट्टा गुंडाळायला घेतला होता, अण्णांनी हात असा काही मागे घेतला की तो पोरगाच घाबरला. बरोबर केलं त्यांनी.

आता शीर्षकातले १५६ तास. आठवड्याचे तास होतात १६८. चांगल्या किडन्या त्या सगळ्या तासांत काम करतात, झोपेतसुद्धा. आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास डायलिसिस केलं तर १२ तास, उरलेले १५६ तास रक्त साफच होत नाही. आणि आपल्याकडे भरपूर लोक दोनच वेळा करतात, म्हणजे ८ तास. कधी पैसे नाहीत म्हणून, कधी गाव लांब म्हणून, कधी सेंटरला बेड नाही म्हणून, आणि कधी कुणीतरी "दोनदा पुरे तुम्हाला" असं सांगितलं म्हणून. अण्णांना सुरुवातीला एका ठिकाणी हेच सांगितलं होतं. काही जणांना खरंच दोनदा चालतं, ज्यांना अजून दिवसाला बऱ्यापैकी लघवी होते त्यांना, पण ते लघवी मोजून, रिपोर्ट बघून ठरवायचं असतं आणि दर काही महिन्यांनी परत तपासायचं असतं. अण्णांची लघवी कुणी मोजलीच नव्हती. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी २४ तासांची लघवी गोळा करायला लावली आणि रिपोर्ट बघून तिसरं सेशन चालू केलं. पंधरा दिवसांत अण्णांना रात्री धाप लागू नये म्हणून तीन उशा लागायच्या त्या एकीवर आल्या. मला दुसरा पुरावा नको होता.

ही जी शिल्लक लघवी असते ना ती सोन्यासारखी जपायची. थोडी जरी होत असली तरी पाणी कमी साठतं, पोटॅशियम जातं, मशीननं नीट न निघणारी घाणही जाते, आणि ज्यांची लघवी टिकून राहते ती माणसं जास्त जगतात हे अभ्यासात वारंवार आलंय. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलरच्या गोळ्या हीच शिल्लक संपवतात. न विचारता एकही घ्यायची नाही.

मधला गॅप. सोमवार-बुधवार-शुक्रवारची शिफ्ट असेल तर शुक्रवार ते सोमवार मोठा गॅप पडतो, मंगळवार-गुरुवार-शनिवार असेल तर शनिवार ते मंगळवार, कारण रविवारी बहुतेक सेंटर बंद. २०११ मध्ये अमेरिकेत ३२ हजारांहून जास्त पेशंटचा एक अभ्यास छापून आला, त्यात त्या मोठ्या गॅपनंतरच्या दिवशी मृत्यूही जास्त आणि हार्टचे, स्ट्रोकचे ॲडमिशनही जास्त निघाले, इतर दिवसांच्या मानानं. दोन दिवस पाणी साठतं, पोटॅशियम साठतं, हृदयावर ताण येतो आणि मग चार तासांत सगळं एकदम ओढून काढायचं. आठवड्यातून दोनदाच करणाऱ्याला तर असा मोठा गॅप दर वेळीच असतो, हे लक्षात घ्या. आणि म्हणूनच लग्न आहे, पेरणी आहे, पाहुणे आलेत म्हणून जे सेशन बुडवलं जातं ते मला बघवत नाही. लग्नाला जा ना, जरूर जा, पण आधी सेंटरला फोन करून शिफ्ट बदलून घ्या, सहसा देतात.

आता पाणी. सेंटरला गेल्यावर पहिलं काम वजन. ड्राय वेट म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, ते समजा ६० किलो आहे आणि काट्यावर आले ६३.५, तर साडेतीन लिटर काढायचंय. पाणी किती वेगानं काढायचं त्यालाही मर्यादा आहे, किलोमागे तासाला १३ मिली याच्या वर गेलं की हृदयाला धोका वाढतो असं दिसलंय, काही डॉक्टर तर १० च्याच आत ठेवा म्हणतात. करा हिशोब. ६० किलोच्या माणसाचं चार तासांत १३ च्या हिशोबानं ३ लिटर १२० मिली निघतं. साडेतीन लिटर काढायचं तर एकतर वेळ वाढवायला पाहिजे नाहीतर राहिलेलं पुढच्या वेळी. पण सेंटरला पुढची शिफ्ट उभी असते आणि पेशंटलाही घरी जायची घाई असते, मग वेग वाढवला जातो, बीपी खाली येतं, पायात गोळे येतात, उलटी होते, आणि पेशंट म्हणतो "बंद करा, अर्धा तास आधी काढा मला". विहिरीला मोठी मोटर लावून झऱ्यापेक्षा जास्त वेगानं उपसलं की तळ दिसतो, मागून पाणी यायला वेळ द्यावा लागतो, तसंच आहे हे, पाणी सगळ्या अंगात मुरलेलं असतं आणि मशीन ते फक्त रक्तातून ओढतं. दर वेळी बीपी असं पडत राहिलं की हृदयाचा रक्तपुरवठा थोडा थोडा मार खातो, फिश्चुलाही बंद पडू शकतो.

फ्रान्समध्ये तासँ नावाच्या गावातलं एक सेंटर या बाबतीत जगभर प्रसिद्ध आहे. तिथे आठवड्यातून तीनदा आठ-आठ तास डायलिसिस करायचे, सावकाश, आणि जेवणात मीठ कमी. त्यांच्या बहुतेक पेशंटच्या बीपीच्या गोळ्या बंद झाल्या आणि माणसं खूप वर्षं जगली. आता ती माणसं निवडक होती का, तब्येतीनं मुळात बरी होती का, असे प्रश्न विचारले गेलेत आणि ते बरोबरही आहेत. आपल्याकडे आठ तास कोण देणार! पण चारचे साडेचार मिळत असतील तर मागून घ्या, आणि चारचे साडेतीन करू देऊ नका, एवढं तरी आपण करू शकतो.

आणि पाणी कमी पी, कमी पी असं म्हणून काही होत नाही हो. माणसाला तहान लागते ती मिठामुळे. घरातली बरणी बघा आधी. लोणचं, पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, फरसाण, वेफर्स, बेकरीची खारी. आमच्याकडे ताटात मीठ वाढणंच बंद केलं, सगळ्यांच्याच, कारण एकट्या अण्णांना अळणी देऊन आम्ही ठेचा खाणं मला पटेना. सुरुवातीचे काही दिवस कुणालाच जेवण जाईना, नंतर सवय झाली. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढणारं वजन एकदम कमी झालं. पण एक सांगते, "लो सोडियम मीठ" म्हणून जे पाकीट मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ते डायलिसिसच्या पेशंटला अजिबात चालत नाही, जीवावर बेतू शकतं. ओळखीतल्या एका काकूंनी काळजीपोटीच ते आणलेलं, बरं झालं आधी मला फोटो पाठवला.

पोटॅशियमवरून आठवलं, उपवास. हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय कारण ही आपल्या घरातली गोष्ट आहे आणि परदेशी पुस्तकात सापडणार नाही. आपलं उपवासाचं ताट डोळ्यासमोर आणा. शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, केळं, खजूर, वर शहाळं. यातली एकूणएक गोष्ट पोटॅशियमनं भरलेली आहे. आता श्रावणी सोमवार घ्या. सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या पेशंटला सोमवार म्हणजे मोठ्या गॅपच्या शेवटचा दिवस, अंगात पोटॅशियम आधीच वाढलेलं, दुपारची शिफ्ट, आणि सकाळी घरचे प्रेमानं फराळाचं ताट समोर ठेवतात. पोटॅशियम वाढलं तर आधी काही कळतच नाही, फार तर हातपाय जड वाटतात, आणि मग हृदय एकदम थांबू शकतं. आषाढीला, महाशिवरात्रीला पण हेच. आमच्या आजी म्हणाल्या, विठोबाला चालतं, त्याला सगळं कळतं, तू भाकरी खा. आजींचं वय तेव्हा नव्वदीला आलेलं, आणि त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा, त्यामुळे आमचं काम सोपं झालं. ज्यांच्या घरी मोठी माणसं ऐकत नाहीत त्यांनी नेफ्रॉलॉजिस्टच्या तोंडून सांगायला लावा. आणि स्टार फ्रूट, आपलं कमरख, कोकणात करमळं म्हणतात ते, तर एक फोडही नको, त्यातला विषारी घटक किडनी खराब असेल तर मेंदूवर जातो, उचक्या लागतात, माणूस बरळायला लागतो, फिट येतात. भाज्या बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात भिजवायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं, पोटॅशियम बरंच कमी होतं.

पण एवढं सगळं वर्ज्य सांगितल्यावर लोक उलट्या टोकाला जातात, आणि त्यानंही माणसं दगावतात. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी प्रोटीन कमी खायला सांगितलेलं असतं. डायलिसिस सुरू झालं की ते उलटं होतं, आता प्रोटीन जास्त लागतं कारण मशीनमधून थोडं वाहूनही जातं, साधारण वजनाच्या किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. हे घरी कुणी सांगतच नाही, किंवा सांगितलेलं गर्दीत हरवतं, आणि पेशंट वर्षानुवर्षं वरणाचं पाणी आणि मऊ भातावर राहतो. दंड बारीक होतात, गाल बसतात, रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, ३ च्या खाली. अल्ब्युमिन कमी असलेल्या पेशंटचा धोका कितीतरी जास्त असतो. डायलिसिसवर तर थोडं वजन जास्त असलेली माणसं बारीक माणसांपेक्षा जास्त टिकतात, बाकी जगाच्या उलट. अण्णा माळकरी, अंडं सुद्धा नको म्हणायचे. मग पनीर, डायटीशियननं ठरवून दिलेली मुगाची डाळ, आणि दह्याचं मोजमाप, असं बसवलं. जे खातात त्यांनी अंड्याचा पांढरा भाग रोज खावा, स्वस्त आणि फॉस्फरसही कमी. फॉस्फरस कमी करायची गोळी जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायची असते, जेवणानंतर तासाभरानं घेतली तर तिचा काही उपयोग नाही.

रिपोर्टमधलं अजून एक, युआरआर. डायलिसिसच्या आधीचा युरिया आणि नंतरचा युरिया, किती टक्क्यांनी कमी झाला ते. आधी १४० नंतर ४२, म्हणजे ७० टक्के, छान. ६५ च्या खाली येत असेल तर विचारा, फिश्चुला नीट चालत नाहीये, की वेळ कमी पडतोय, की सुई नीट बसत नाहीये. सेंटरनं महिन्याला हे करायला हवं, न करत असतील तर मागा. हिमोग्लोबिन साधारण १० ते ११.५ पुरे असतं, "माझं १४ का नाही" म्हणून इंजेक्शनं वाढवायची नसतात. १९९८ मध्ये अमेरिकेत हृदयविकार असलेल्या डायलिसिस पेशंटवर अभ्यास झाला, रक्त अगदी नॉर्मलला न्यायचा प्रयत्न केला, त्या गटात त्रास जास्त दिसला आणि अभ्यास मध्येच थांबवला. रक्ताची बाटली लावणं तर शक्यतो टाळायचंच, त्यानं शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे ट्रान्सप्लांट करायचं असेल तर मॅच मिळणं अवघड होतं. हिपॅटायटिस बीची लस घेतली का ते एकदा फाईलमध्ये बघून ठेवा.

पैशांचं बोलायलाच हवं. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयांत गरीब पेशंटला मोफत डायलिसिस, आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही होतं. यामुळे कितीतरी माणसं आज जिवंत आहेत, हे मी डोळ्यानं बघितलंय. पण सेशन फुकट झालं तरी माण-खटावच्या कोपऱ्यातून येणाऱ्या माणसाचा एक दिवस जातो, सोबत्याची मजुरी बुडते, रक्तवाढीचं इंजेक्शन कधी असतं कधी बाहेरून आणायला सांगतात. आमच्या शिफ्टला एक शेतकरी यायचे, पहाटे निघून दोन एसट्या बदलून. पावसाळ्यात त्यांची सेशन चुकायला लागली, मग एक दिवस बेडवर दुसरंच कोणी होतं. त्यांच्या रिपोर्टमध्ये असं काही वाईट नव्हतं. त्यांचं गाव लांब होतं, एवढंच. अशा माणसांना पोटातलं डायलिसिस, घरच्या घरी पिशव्यांनी करायचं ते, का सुचवत नाहीत मला कळत नाही, जगण्याच्या बाबतीत ते मशीनच्या तोडीचंच आहे. एसटीत डायलिसिस पेशंटला सवलत आहे, रेल्वेतही आहे, ती तरी घ्या, डॉक्टरांचा दाखला लागतो.

आणि मन. "आता पुरे झालं" असं अण्णा एकदा म्हणाले होते, जेवण सोडलं होतं, सेशनला जायला तयार होईनात. आम्हाला वाटलं हट्ट आहे. नेफ्रॉलॉजिस्टनीच सांगितलं हे डिप्रेशन आहे, मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. औषध चालू झालं, आणि त्यांच्या बँकेतले जुने मित्र आळीपाळीनं सेंटरला सोबत यायला लागले. पेशंटला चार तास बोलायला कुणी असणं हे पण औषधाच्याच यादीत लिहायला हवं.

ज्यांचं वय आणि हृदय परवानगी देतं त्यांनी ट्रान्सप्लांटचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. १९९९ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात वेटिंग लिस्टवर असलेल्यांचीच तुलना केली होती, म्हणजे दोन्हीकडे ऑपरेशनला लायक माणसं, आणि ज्यांना किडनी मिळाली त्यांचा पुढच्या काळातला मृत्यूचा धोका ६८ टक्क्यांनी कमी निघाला. सुरुवातीचे काही आठवडे मात्र ऑपरेशनमुळे धोका जास्त असतो, ते डॉक्टर आधीच सांगतात. अण्णांच्या हृदयामुळे त्यांचं नाही होऊ शकलं. पण आपल्याकडे लोकांना वाटतं डायलिसिस चालू झालं की यादीत नाव आपोआप जातं. जात नाही. ट्रान्सप्लांटची परवानगी असलेल्या हॉस्पिटलमधून झेडटीसीसीकडे, म्हणजे वेटिंग लिस्ट सांभाळणाऱ्या विभागीय केंद्राकडे, नोंदणी करावी लागते, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार ठिकाणी ही सेंटर्स आहेत. आमच्या शिफ्टला एक सत्तावीस वर्षांचा मुलगा आहे, दोन वर्षं डायलिसिसवर आणि नोंदणीच केलेली नव्हती, कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. आता केलीये. तोवर त्याच्या आईनं स्वतःची किडनी द्यायची तयारी दाखवलीये, ब्लडग्रुप जुळलाय, पुढच्या आठवड्यात क्रॉसमॅच आहे, म्हणजे त्याचं शरीर आईची किडनी नाकारेल का ते बघायची रक्ततपासणी. रिपोर्ट आला की इथेच कळवते.